रापलेला रणगाडा

अहिल्यानगर जिल्ह्याशी दोन गाड्यांची गोष्ट जोडलेली आहे. दोन्हींमध्ये साडेतीन हजार वर्षांचं, कदाचित त्याहून जास्त, अंतर असावं. पहिली गाडी हातात धरता येते. दुसरीचं वजन पन्नास टनांच्या घरात आहे.

पहिली 1974 मध्ये सापडली. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचं गाव आहे. तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला खणताना कांस्याच्या चार वस्तू मिळाल्या: एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि एक बैलजोडीचा रथ. चारींचं मिळून वजन साठ किलोच्या वर. रथ 45 सें.मी. लांब आणि 16 सें.मी. रुंद. त्यात उभा असलेला माणूसही साधारण 16 सें.मी. उंच. म्हणजे हिशेब केला तर ही प्रतिकृती एकास दहाच्या आसपासची ठरते, आणि बैलांसकट तिची लांबी खऱ्या गाडीच्या लांबीशी बऱ्यापैकी जुळते. पण मला त्या रथाचं प्रमाण तितकं महत्त्वाचं वाटत नाही. बैल आणि माणूस यांच्या मधल्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. पूजेसाठी, मिरवणुकीसाठी किंवा आणखी कशासाठी रथ ओतला असेल, तरी कुत्र्यावाचून काही अडलं नसतं. ज्यानं तो घातला त्यानं गाडीवर चढून बसलेला कुत्रा पाहिला होता आणि तो गाळणं त्याच्या जिवावर आलं होतं. प्रतिकृती करणाऱ्या माणसाची ही जुनी खोड आहे, ती आजही सुटलेली नाही.

या वस्तूंच्या वयाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. मधुकर ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी त्या उत्तर हडप्पा काळाच्या मानल्या. डी. पी. अग्रवालांनी धातूतल्या आर्सेनिकचं प्रमाण पाहून त्या बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्या असू शकतील अशी शंका काढली. वाद सोडवणं माझं काम नाही. लक्षात घेण्यासारखं एवढंच की गाडीच्या आकारावरून वय ठरेना, म्हणून लोक तिच्या धातूकडे वळले. वस्तू काय दाखवते त्यापेक्षा तिच्यावर आणि तिच्यात काय घडून गेलं हे जास्त बोलकं ठरलं.

दुसरी गाडी नगर शहरातल्या लष्करी हद्दीत आहे. 1994 मध्ये तिथे घोडदळ रणगाडा संग्रहालय सुरू झालं आणि देशोदेशींचे जुने रणगाडे, चिलखती मोटारी एका आवारात आल्या. पण मी म्हणते तो रणगाडा म्हणजे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं जपलेला, 17 पूना हॉर्सचा सेंच्युरियन. त्याचं नाव ‘फामागुस्ता’. सायप्रसमधल्या एका बंदराचं हे नाव घेऊन तो 16 डिसेंबर 1971 रोजी शकरगढच्या आघाडीवर बसंतर नदीपलीकडे लढला. त्याचा अधिकारी सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, वय 21, जन्म पुण्याचा. त्याच रणगाड्यात तो मारला गेला आणि त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. युद्धानंतर रणगाडा दुरुस्त झाला, रंगवला गेला आणि आज तो नीटनेटका उभा आहे.

हा लेख त्या नीटनेटकेपणाबद्दल आहे.

त्याआधी शब्दाबद्दल थोडं, कारण माझा धंदा भाषांतराचा. इंग्रजीत या वाहनाला ‘टँक’ म्हणतात ते पहिल्या महायुद्धातल्या गुप्ततेमुळे. कारखान्यात पाण्याच्या टाक्या बनतायत असं भासवायचं होतं, आणि ते खोटं नाव पुढे खरं झालं. हिंदीनं टँकच ठेवला. मराठीनं मात्र ‘रणगाडा’ केला. शब्द कुणी घडवला कोण जाणे, पण त्यानं एक काम नकळत केलं: पोलादाच्या त्या यंत्राला बैलगाडीच्या कुळात आणून बसवलं. दायमाबादच्या रथापासून फामागुस्तापर्यंत मराठीत एकच धातू वाहतो आहे असं म्हणायला हरकत नाही. गाडा म्हटलं की तो ओढावा लागतो, रुततो, त्याला वंगण लागतं, त्याच्या चाकाला चिखल लागतो. टाकीला यातलं काही होत नाही.

आता छोट्या रणगाड्यांकडे येते. बंगळुरात, पुण्यात, मुंबईत, आणि खरं तर जगभर, घरातल्या एका टेबलाच्या कोपऱ्यावर रात्री दिवा लावून एकास पस्तीस प्रमाणातली वाहनं बनवणारी माणसं असतात. त्यांच्या कामाचे दोन भाग मला फार रस घेण्यासारखे वाटतात. एक, तयार संचात जो भाग मिळत नाही तो कोऱ्या पत्र्यापासून, तारेपासून, कागदापासून स्वतः घडवणं. याला ते स्क्रॅच-बिल्डिंग म्हणतात. दुसरा, वाहन पूर्ण रंगवून झाल्यावर ते पद्धतशीरपणे खराब करणं: रंग उडवणं, गंज चढवणं, धूळ बसवणं, तेलाचे ओघळ काढणं. याला वेदरिंग म्हणतात आणि याला मराठीत काय म्हणावं यावर मी बराच वेळ घालवला आहे. ‘जुनं करणं’ म्हटलं तर फसवणुकीचा वास येतो. ‘मळवणं’ म्हटलं तर निष्काळजीपणाचा. ‘कळकणं’ हा सुंदर शब्द आहे, पण तो कल्हई गेलेल्या पितळी भांड्यातल्या ताकापुरता. मला शेवटी ‘राप’ सापडला. उन्हातान्हात काम करणाऱ्याच्या चेहऱ्यावर चढतो तो राप. तो घाण नसतो, रोग नसतो, वयही नसतं. वापराचा, हवेचा आणि दिवसांचा एकत्र थर असतो तो. रणगाडा रापवणं. हे कानाला बरं लागतं.

राप ही कल्पना खेळण्यांच्या जगात मुळीच नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. सावंतवाडीच्या चितारींनी केलेली लाकडी गाडी असो की बंगळुरापासून साठ किलोमीटरवर चन्नपट्टणात लाखेनं रंगवलेलं इंजिन असो, खेळण्याचा धर्म चकाकणं हा आहे. चन्नपट्टणचा कारागीर फिरत्या लाकडावर लाख दाबतो, घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून बसते आणि मग केवड्याच्या पानानं घासून तिला चमक आणतात. त्या इंजिनावर कुणी काजळी लावली तर आजी ते पुसून ठेवील. दिवाळीच्या किल्ल्यातही राप येतो तो आपोआप, चौथ्या दिवशी माती भेगाळल्यावर. शिवाय किल्ल्यावर मावळा बुरुजाहून उंच असतो आणि सिंहासन दरवाजातून आत जाणार नाही एवढं मोठं असतं. कुणालाही ते खटकत नाही. मापाचा आग्रह आला की खेळणं संपतं आणि प्रतिकृती सुरू होते. आणि मापाचा आग्रह एकदा धरला की पुढचा प्रश्न टळत नाही: आकार एकास पस्तीस केला, मग काळाचं काय?

हा प्रश्न आधी रणगाडेवाल्यांनी नव्हे तर रेल्वेवाल्यांनी विचारला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावात जॉन अ‍ॅलन नावाच्या छायाचित्रकारानं 1940 च्या दशकापासून आपल्या घरात एक छोटी रेल्वे उभी केली. त्याच्या आधीची इंजिनं दुकानाच्या काचेतल्यासारखी असत. अ‍ॅलनच्या इंजिनांवर काजळी होती, डब्यांच्या फळ्या विटलेल्या होत्या, पूल वापरून झिजलेले वाटत. छायाचित्रकार असल्यामुळे त्याला एक गोष्ट कळली होती: फोटोत वस्तू खरी वाटते ती तिच्या आकारामुळे नव्हे, पृष्ठभागामुळे. जानेवारी 1973 मध्ये तो वारला आणि दहाएक दिवसांत घराला आग लागून ती रेल्वे जवळजवळ सगळी जळाली.

इंग्लंडमध्ये लाँग विटनहॅमला पेंडन संग्रहालय आहे. ते रॉय इंग्लंड नावाच्या एका ऑस्ट्रेलियन माणसानं 1954 मध्ये उभं करायला घेतलं. आसपासच्या खेड्यांतली गवती छपराची घरं बदलत चालल्याचं त्याला दिसत होतं. म्हणून 1920-30 च्या काळातला तो मुलूख एकास शहात्तरमध्ये, घर न् घर मोजून, त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी पुठ्ठ्यातून उभा करायला सुरुवात केली. तिथे भिंतीवरचा ओलाव्याचा डाग म्हणजे त्या विशिष्ट घराच्या त्या विशिष्ट भिंतीचा डाग असतो. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1 एप्रिल 1998 ला उघडलं. त्यामागे अनेक वर्षांचं हातकाम आहे, आणि ते पाहून बाहेर पडलेली मुलं पुढे आठवडाभर दुसरं काही बोलत नाहीत. त्याची जात मात्र पेंडनपेक्षा वेगळी. ते हरवलेल्या गावाचं नव्हे, हव्याशा वाटणाऱ्या शहराचं चित्र आहे: सिग्नल वेळेवर पडतो, गाडी वेळेवर सुटते. अशा शहराला राप नसावा हेच बरोबर.

रणगाड्यांकडे राप आला तो जपानी प्लास्टिकमधून. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला टामिया कंपनीनं जर्मन पँथर रणगाड्याचा संच काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जो आकार ठरला तो एकास पस्तीसच्या आसपास निघाला, आणि पुढे सगळ्या जगानं तेच प्रमाण धरलं. म्हणजे आज संग्रहालयाच्या तोडीचं काम ज्या मापात होतं ते माप बॅटरीच्या सेलनं ठरवलेलं आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेत शेपर्ड पेन यानं मोनोग्राम कंपनीच्या संचांसोबत येणाऱ्या पत्रकांतून दाखवलं की रणगाडा एकटा उभा करायचा नसतो. त्याच्या भोवती एक प्रसंग असतो. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडन यानं वॉश आणि ड्राय-ब्रश या दोन युक्त्या घरोघरी पोचवल्या. वॉश म्हणजे पातळ गडद रंग खाचांत सोडणं. ड्राय-ब्रश म्हणजे जवळजवळ कोरडा कुंचला कडांवरून फिरवून त्या उजळवणं. नंतर स्पेनमधून मिग हिमेनेझ आणि त्याच्या पिढीनं गंजाला, ओघळांना, धुळीच्या थरांना जवळजवळ स्वतंत्र चित्रकला केलं. माझ्या मते तिथेच थोडी गडबडही सुरू झाली, पण त्याकडे नंतर.

आधी या कामातलं शास्त्र बघा, कारण ते विलक्षण आहे. एकास पस्तीसचा रणगाडा आपण हातभर अंतरावरून, समजा तीस सें.मी.वरून, पाहतो. म्हणजे खरा रणगाडा साडेदहा मीटरवरून पाहिल्यासारखं झालं. तेवढ्या अंतरावरून हिरवा रंग हवेमुळे किंचित फिका दिसतो, म्हणून डब्यातला लष्करी हिरवा जसाच्या तसा लावला तर प्रतिकृती काळपट, खोटी दिसते. धुळीचं तर विचारूच नका. रस्त्यावरचा दशांश मिलिमीटरचा कण उचलून प्रतिकृतीवर ठेवला तर त्या प्रमाणात तो साडेतीन मिलिमीटरचा खडा होतो. खरी धूळ खोटी दिसते, म्हणून खोटी, पिठाहून बारीक धूळ आणावी लागते. रंगाच्या थराचंही तसंच. शंभरातल्या नव्याण्णव वेळा नवशिक्याचा रणगाडा रंगाखाली गाडला जातो, कारण कुंचल्याचा एक जाड हात म्हणजे त्या मापात पोलादावर चढवलेलं बोटभर प्लास्टर.

आणि रंग उडवण्याची ती हेअरस्प्रेची युक्ती! आधी प्रतिकृतीला गंजाचा रंग देतात. त्यावर केसांवर मारायचा साधा स्प्रे. तो वाळला की वरून हिरवा. मग ओल्या कुंचल्यानं हळूच घासलं की खालचा स्प्रे विरघळतो, हिरव्याचे पोपडे निघतात आणि आतला गंज दिसतो. खऱ्या जगात आधी रंग असतो आणि मग गंज येतो. इथे गंज आधी द्यावा लागतो. शेवट ठाऊक असल्याशिवाय सुरुवात करता येत नाही. इतिहास लिहिणाऱ्यांना ही अडचण ओळखीची वाटेल.

भारतात हे काम करणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. जगातल्या मोठ्या कंपन्या जर्मन रणगाड्याच्या प्रत्येक उपप्रकाराचा संच काढतात, पण आपल्या वाहनांकडे त्यांनी क्वचितच पाहिलं. अवाडीला बनलेला विजयंता, जबलपूरचा शक्तिमान ट्रक, तिथलीच जोंगा, यांतलं काहीही हवं असेल तर दुसऱ्या संचाची मोडतोड करून किंवा अगदी पहिल्या पट्टीपासून घडवावं लागतं. त्यात कर. जकातीच्या यादीत प्रतिकृती वाहनं खेळण्यांच्या कलमात, बाहुल्या आणि कोड्यांच्या शेजारी बसतात. या कलमावरची जकात 2020 मध्ये वीस टक्क्यांवरून साठ टक्के झाली आणि 2023 मध्ये सत्तर. स्वदेशी खेळणी वाढावीत हा हेतू चांगलाच, पण कायद्याच्या दृष्टीनं बाहुली आणि फामागुस्ता एकच आहेत.

त्यामुळे इथला स्क्रॅच-बिल्डर बाजाराकडे वेगळ्या नजरेनं बघतो. बंगळुरात एस. पी. रोडच्या गल्ल्यांत तो तांब्याच्या बारीक तारा घेतो. औषधाच्या दुकानातून इंजेक्शनच्या सुया, कारण मशीनगनची नळी तेवढी सरळ आणि पोकळ दुसऱ्या कशाचीच मिळत नाही. संपलेल्या बॉलपेनची रिफिल हा धुराड्याचा नळ. निमंत्रणपत्रिकेचा गुळगुळीत पुठ्ठा पाणी लागू न देता डिंकानं घट्ट केला की त्याच्या पेट्या होतात. टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून घडी घातला की ताडपत्री. मापं कुठून आणायची? कंपन्यांचे आराखडे मिळत नाहीत, तेव्हा संग्रहालयात जाऊन फोटो काढायचे आणि फोटोत आलेल्या माणसाच्या उंचीवरून हिशेब मांडायचा. दायमाबादच्या रथाला मीही वर तेच केलं.

संग्रहालयातल्या फोटोंत मात्र एक सापळा असतो, आणि तो इथे बंगळुरात अगदी सहज दाखवता येतो. कस्तुरबा रोडवरच्या विश्वेश्वरय्या म्युझियममध्ये एक ‘मरुत’ आहे. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या हाताखाली याच शहरात एच.ए.एल.मध्ये आखलेलं हे लढाऊ विमान 17 जून 1961 रोजी पहिल्यांदा उडालं. 1971 च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर मरुतांनी काम केलं. आता समजा, वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवलेल्या एखाद्या विमानाचे फोटो समोर ठेवून तुम्ही त्याची प्रतिकृती रापवली. त्यावर पावसाच्या रेघा असतील, आणि त्या वरून खाली आलेल्या असतील, कारण विमान जागेवर उभं आहे. उडणाऱ्या विमानावर तेलाचे आणि काजळीचे ओघळ पुढून मागे जातात, वाऱ्याच्या दिशेनं. उभ्या रेघा काढल्यात तर तुम्ही लढाऊ विमान बनवलं नाही, स्मारक बनवलंत. दोन्ही रेघा खऱ्याच आहेत. त्या दोन वेगवेगळ्या आयुष्यांच्या आहेत.

गंज कुठल्या आयुष्याचा, हा प्रश्न न विचारता सगळीकडे सारखा गंज शिंपडणं, ही मघाशी म्हटलेली गडबड. सेवेत असलेला रणगाडा फारसा गंजत नाही. सैनिक त्याची निगा राखतात, कारण त्यांचा जीव त्यावर असतो. रंग उडाला तर आतून बहुधा तांबूस प्रायमर दिसतो. लोखंड दिसलं तरी पाय ठेवण्याच्या जागी, झाकणाच्या कडेला, जिथे रोज बूट घासतो तिथे. पण स्पर्धेतल्या टेबलावर पाहिलं तर प्रत्येक रणगाडा भंगारातून उचलल्यासारखा. सुंदर दिसतो यात शंका नाही. तपकिरी, नारिंगी, जांभळट छटा अशा काही मिसळलेल्या असतात की डोळा हटत नाही. पण तो राप नव्हे. तो रापाचा मेकअप आहे.

मला हा प्रकार ओळखीचा वाटतो कारण माझ्या टेबलावरही तो रोज घडतो. सतराव्या शतकातल्या पात्रांना बोलतं करायचं असलं की आपले लेखक दोनपैकी एक करतात. काही जण ‘जैसे’, ‘ऐसियासी’, ‘करोन’ असे शब्द वाक्यावाक्यावर शिंपडतात. हा स्पर्धेतला गंज. दुसरे जण मावळ्यांच्या तोंडी शुद्ध संस्कृतप्रचुर मराठी घालतात. हा दर वर्षी नवा रंग दिलेला चौकातला रणगाडा. शिवकाळातलं खरं पत्र उघडलं तर त्यात फारशी अरबी शब्द पावलोपावली भेटतात. ते इतके होते म्हणूनच शिवाजी महाराजांना राजव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. कोश झाला म्हणून लोकांची जीभ एका रात्रीत बदलली नाही. त्या काळाचं भाषांतर करताना तो थर ठेवायचा की पुसायचा, आणि ठेवायचा तर कुठल्या वर्षाचा, हे दर वाक्याला ठरवावं लागतं. फार जुनं केलं तरी खोटं, फार स्वच्छ केलं तरी खोटं.

फामागुस्ताकडे परत येते. समजा कुणी तो एकास पस्तीसमध्ये करायला घेतला. खरा सेंच्युरियन तोफेसकट दहा मीटरच्या जरा आत, म्हणजे प्रतिकृती साधारण 28 सें.मी. टामियानं सेंच्युरियनचा संच 1970 च्या दशकातच काढला, पण तो ब्रिटिश लष्कराचा. बुरुजाच्या पाठीमागचं सामान, आपल्या पलटणीची चिन्हं, नाव, क्रमांक, हे हातानं करायचं. सेंच्युरियनचा बुरूज ओतीव पोलादाचा, त्याचा पृष्ठभाग किंचित खडबडीत असतो. प्लास्टिकवर पातळ पुट्टी लावून ती ओली असतानाच कुंचल्यानं ठोकत गेलं की तो पोत येतो. हे सगळं जमण्यासारखं आहे. प्रश्न पुढे आहे. कुठला फामागुस्ता?

नगरमध्ये आज उभा आहे तो केला, तर काम सोपं. पुरावा समोर आहे, फोटो मिळतात, रंगाची छटा पडताळता येते. पण तो दुरुस्त केलेला, मानवंदनेसाठी सजवलेला रणगाडा आहे. त्याचा राप पुसून टाकलेला आहे, आणि असं करण्यात काही चूक नाही. पलटणीला आपल्या शूराचा रणगाडा जळका ठेवायचा नसतो. कुणी आपल्या माणसाला अंत्यदर्शनासाठी तसाच ठेवतं का? पूना हॉर्स ही 1817 च्या पुण्याच्या तहानंतर पेशव्यांच्या पैशानं उभी राहिलेली पलटण. 1965 मध्ये फिल्लोरा-चविंडाच्या लढाईत तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर पडले, तेही सेंच्युरियनच्याच लढाईत, आणि तेही परमवीर. या परंपरेत रणगाडा ही वस्तू राहत नाही.

प्रतिकृतीवाल्याला मात्र एक मिनिट निवडावं लागतं. त्याच्या कुंचल्याला तारीख पुरत नाही, वेळ लागते. 15 आणि 16 डिसेंबरच्या मधल्या रात्री अभियंत्यांनी सुरुंगांच्या पट्ट्यातून वाट काढली आणि पूना हॉर्सचे रणगाडे नदीपलीकडे गेले. त्या मिनिटाचा फामागुस्ता म्हणजे खालच्या अर्ध्या भागावर ओला चिखल, वरच्या भागावर वाटेवरची कोरडी धूळ, आणि रंग शाबूत. सकाळी जरपालजवळ पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांचा हल्ला आला, खेतरपालची तुकडी मदतीला धावली. आता तोफेच्या तोंडाशी काजळी, धुराड्यामागे काळा पट्टा. मग फामागुस्तावर मारा होऊन आग लागली. वरिष्ठांनी रणगाडा सोडायला सांगितलं तेव्हा त्यानं बिनतारीवर कळवलं की तोफ अजून चालते आहे, आणि तो तिथेच राहिला. त्या मिनिटाचा फामागुस्ता करायचा तर जळणं आणि चालू असणं दोन्ही एकाच पृष्ठभागावर आणावं लागेल. ज्या जागी ज्वाला लागली तिथला रंग करपून फुगलेला, बाकीचा अजून हिरवा. मग दुसरा मारा.

त्यानंतरचं करायलाच नको असं मला वाटतं, आणि हे मत कारागिरीबद्दलचं नाही. जळालेल्या रणगाड्याचा राप कसा द्यायचा हे या कलेत आता चांगलं ठाऊक झालेलं आहे. आगीत रंग पूर्ण उडतो, उघड्या पोलादावर थोड्याच वेळात गंज धरतो आणि तो जुन्या गंजासारखा तपकिरी नसून भडक नारिंगी असतो. चाकांवरचं रबर जळून राखाडी पांढरी राख उरते. हे सगळं अगदी अचूक करता येतं, आणि झालेलं काम देखणं दिसतं. तिथेच घोडं अडतं. जिथे एक एकवीस वर्षांचा मुलगा आणि त्याच्या सोबतचा एक सवार मेला, त्या पत्र्याचा रंग देखणा दिसू लागला की कुंचला खाली ठेवावा. दुसरे म्हणतील की जे झालं ते दाखवायचंच नाही तर मग नगरच्या रंगवलेल्या रणगाड्यात आणि तुमच्यात फरक काय. या आक्षेपाला माझ्याजवळ पुरं उत्तर नाही. एवढंच म्हणते की मधलं मिनिट उपलब्ध आहे, तोफ चालते आहे तेव्हाचं, आणि त्या माणसानं स्वतःसाठी जो क्षण निवडला तोही तोच होता. 2001 मध्ये त्याचे वडील पाकिस्तानात गेले असताना त्यांचे यजमान ब्रिगेडियर नासर यांनी त्यांना सांगितलं की त्या दिवशी समोरच्या बाजूला आपणच होतो, तुमचा मुलगा माझ्याच हातून पडला. त्या दोन म्हाताऱ्यांना एकमेकांसमोर बसवू शकेल अशी प्रतिकृती कुठल्याही मापात होत नाही.

मधलं मिनिट घ्यायचं ठरलं तर एक शेवटची गोष्ट सांभाळावी लागते, आणि ती बहुतेक जण विसरतात. ती म्हणजे पट्टे. रणगाड्याचे पट्टे पोलादाचे असतात, त्यांना रंग टिकत नाही. उभ्या रणगाड्याचे पट्टे एकदोन पावसांतच तपकिरी होतात. स्मारकावरच्या रणगाड्याच्या पट्ट्यांना तर सरळ काळा रंगच फासलेला असतो. पण रणगाडा चालत असेल तर जमिनीला आणि चाकांना लागणाऱ्या कडा घासून आरशासारख्या होतात, बाकीच्या खाचांत चिखल. दोन बोटांत बारीक पॉलिश पेपर धरून प्रत्येक कडीची फक्त तेवढीच कड घासायची. दोन्ही बाजूंच्या मिळून दोनशेवर कड्या होतात, त्यामुळे याला दोन-तीन रात्री लागतात. बसंतरच्या पलीकडे त्या सकाळी फामागुस्ता थांबला नव्हता, म्हणून त्याच्या कड्या चकचकीतच हव्यात.